पात शेवटी, वर झाकण

राजापूरकडच्या आमच्या घरी न्हाणीच्या मागे, सांडपाणी माडाच्या आळ्याकडे जायचं त्या वाटेवर, गवती चहाचा एक ठोंब होता. त्याला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. पावसाळ्यात तो माझ्या खांद्याएवढा व्हायचा. आजी सांगायची, पात ओढायची नाही, बोट चिरतं. बुंध्याशी धरायची आणि मोडायची. मोडल्याबरोबर लिंबाच्या सालीसारखा वास हाताला लागायचा आणि दुपारपर्यंत जायचा नाही.

घरात कुणाला पडसं झालं, अंग मोडून आलं, की कल्हई केलेली पितळी तपेली चुलीवर चढायची. आधी ठेचलेली सुंठ, मग खलबत्त्यात भरडलेले धने आणि जिरे, चार-पाच मिरी, असली तर एखादी लवंग. पाणी चांगलं उकळलं की गुळाचा खडा. तुळशीची पानं त्याच्यानंतर. आणि गवती चहाची पात अगदी शेवटी, गाठ मारून, तपेली खाली उतरवल्यावर. लगेच वर झाकण. त्या झाकणावर आजी हात ठेवून बसायची, जणू आतलं काही पळून जाणार होतं. खरंच पळून जाणार होतं, हे मला वीस वर्षांनी रसायनशास्त्राच्या वर्गात कळलं.

पुढे मी आहारशास्त्र शिकले आणि पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पस्तीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न दुधाचा नव्हता, अंड्याचाही नव्हता. ‘बाई, काढ्यात काय काय असतं?’ हा होता. त्याचं उत्तर मी सुरुवातीला चुकीचं दिलं. उत्तरातले आकडे बरोबर होते, तरीही ते चुकीचं होतं.

१९८०च्या आसपासची गोष्ट. मावळातून एक तरुण बाई तपासणीला आली होती, चौथा महिना, अंगात रक्त कमी, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. काय खातेस म्हणून विचारलं तर म्हणाली, सुंठ-धन्याचा काढा घेते रोज दोनदा, रक्त वाढतं म्हणून. मी पदवी घेऊन नुकतीच लागले होते. टेबलावर अन्नघटकांचं पुस्तक होतं. मी तिच्यासमोर हिशेब मांडला आणि सांगितलं, ‘यात रक्त वाढवणारं काही नाही. बंद कर, त्यापेक्षा नाचणी खा, पालेभाजी खा, गोळ्या चुकवू नकोस.’ पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा वजन आणखी उतरलं होतं. बरोबर सासू होती. ती माऊली मला रागावली नाही, समजावणीच्या सुरात म्हणाली, ‘आवं बाई, तो काढा घेतला म्हंजी तिची मळमळ थांबायची आन् दोन घास पोटात जायाचं. आता नाचनी पुढ्यात ठेवली तरी जात न्हाई.’

त्या दिवसापासून मी काढ्याच्या मागे लागले. त्याच्यात किती काय आहे हे मला माहीत होतं. तो आपल्याकडे कशासाठी आला, कशासाठी राहिला, आणि त्याला पोषणाच्या फूटपट्टीनं मोजायची सवय कधी लागली, हे शोधायचं होतं.

सुरुवात ग्रंथांपासून केली. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं माप स्वच्छ दिलेलं आहे: एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा उरवायचा. आपल्या जुन्या बायका ‘अष्टमांश काढा’ म्हणतात तो हाच. म्हणजे एक भाग औषधामागे हातात पडतात दोन भाग पाणी. हे दाट, कडू, तुरट प्रकरण. घोटभर, वैद्याच्या सांगण्यावरून घ्यायचं. त्याच ग्रंथात फांट आहे: उकळतं पाणी भरडीवर ओतायचं, मुरू द्यायचं, गाळायचं. हिम आहे: भरड रात्रभर गार पाण्यात. आणि आणखी एक प्रकार आहे, ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. एक भाग औषध, चौसष्ट भाग पाणी, आणि आटवायचं फक्त निम्मं. हे प्यायचं पाणी. चरकानं तापात तहान लागलेल्या माणसासाठी सांगितलेलं षडंगपानीय या जातीचं: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ. तापकऱ्यानं हे दिवसभर थोडं थोडं पीत राहायचं.

कागदावर भागाकार करून पाहिला. अष्टमांश काढ्यात एका भागामागे दोन भाग द्रव, पानीयात एका भागामागे बत्तीस. सोळापट पातळ. आजीची तपेली मी मनातल्या मनात मोजली: चमचाभर सुंठ, दीड चमचा धने-जिरे, पाच मिरी, आणि चार माणसांना पुरेल इतकं पाणी. आम्ही ज्याला घरोघर काढा म्हणतो तो शास्त्राच्या मापानं काढा नाहीच, ते पानीय आहे. आजारी माणसानं पाणी प्यावं, उकळलेलं प्यावं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरावं म्हणून त्याला चव आणि वास दिलेला. ज्या गावांत पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं आणि पाणी उकळून पिण्याचं दुसरं काही कारण कुणाला माहीत नव्हतं, तिथे पाणी उकळायला लावणारं पेय केवढं मोलाचं होतं याचा विचार करा. माझ्या मते काढ्याचा पहिला गुण हा आहे. तो कुठल्याही तक्त्यात नाही.

आमच्या कारवारकडच्या शेजाऱ्यांकडे याचंच भावंड होतं, कषाय. धने, जिरे, बडीशेप, थोडी मेथी भाजून पूड करून ठेवलेली; पाण्यात उकळायची, गूळ आणि दूध घालायचं. ते रोजचं पेय होतं, आजारपणाचं नव्हे. चहाची पत्ती त्या घरात पाहुण्यांपुरती.

काढ्यातला माल हा मोठ्या व्यापाराचाही माल होता. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. त्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक गोव्यात १५६३ साली छापलं गेलं. ते संवादांच्या रूपात आहे, आणि आलं, मिरी, वेलची, दालचिनी ही आपल्या मांडणीतली मंडळी त्यात एकेका प्रकरणाची धनी आहेत. इथल्या लोकांत त्यांना काय म्हणतात, कुठे पिकतात, कुठल्या वैद्यानं कशावर दिलं, हे तो विचारत जातो. इथल्या हिंदू वैद्यांकडून शिकल्याचं तो लपवत नाही. आजीच्या फडताळातल्या पितळी डब्याला एवढा इतिहास असेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

चहाची पत्ती आपल्या किनाऱ्यावर आली ती याच ओळीत. १६८९ साली सुरतेला निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं लिहून ठेवलंय की तिथले बनिये चहा खडीसाखर घालून किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात, आणि पाण्यात उष्ण मसाले उकळून घेतला तर तो डोकेदुखीवर, मूतखड्यावर, पोटातल्या मुरड्यावर चालतो असा त्याचा लौकिक आहे. आसामात मळे लागायला अजून दीडशे वर्षं होती. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर चहा आला तो काढ्यातलं एक द्रव्य म्हणून. लोक ‘मसाला चहा’ म्हणजे चहात मसाला घातला असं समजतात. क्रम उलटा आहे. मसाला आधीच उकळत होता, त्यात चहा पडला.

पुढे मळ्यांचा चहा खपवायचा प्रश्न आला. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. विशेषतः १९३०च्या दशकात फलक लागले, प्रात्यक्षिकं झाली. ते रीत शिकवत: किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती, वर उकळतं पाणी, झाकून ठेवा, दूध शेवटी. ही सरळसरळ फांटाची रीत. पण आपल्या बायकांच्या हाताला आटवण्याची सवय होती. त्यांनी पत्ती तपेलीत टाकली, आलं ठेचून टाकलं, गवती चहाची पात टाकली, दूध घातलं, आणि उकळी आणली. मळेवाल्यांना ते आवडण्यासारखं नव्हतं, कारण आलं आणि पात पडली की पत्ती कमी लागते. मुंबईच्या भाजीबाजारात आजही आलं, पुदिना आणि गवती चहा यांची एकत्र जुडी मिळते आणि तिला ‘चहाचा मसाला’ म्हणून मागितलं जातं.

त्याआधीच्या काळात चहात काय असतं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. कोणाच्या हातचा, हा प्रश्न होता. १८९० साली पुण्यात पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर आलेल्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी घेतला, कुणी नुसता हात लावला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी मग हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली, आणि पुण्यात बहिष्काराचं ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांची घरातली घालमेल लिहिली आहे. एका पेल्याभोवती केवढं शहर फिरलं! आमच्या आजेसासूबाई सांगायच्या की त्यांच्या माहेरी चहा बाहेरच्या ओटीवर व्हायचा, स्वयंपाकघरात नाही. काढा मात्र देवघराच्या शेजारी उकळायचा. दोन्हींत पाणी तेच, आलं तेच.

मग दुसऱ्या दिशेनं टीका आली. १९४२ साली पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, गांधीजींनी आरोग्यावरचं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात चहा-कॉफीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पत्ती उकळली की टॅनिन उतरतं, ज्यानं कातडं कमावतात तेच हे द्रव्य, आणि ते पोटाला चांगलं नाही, असं त्यांचं म्हणणं. कातड्याची उपमा जरा कडक आहे, पण टॅनिनविषयी त्यांची शंका पोकळ नव्हती. जेवणाबरोबर चहा घेतला तर धान्य-भाज्यांतलं लोह अंगी कमी लागतं, हे पुढे आहारशास्त्रानं नीट मोजून दाखवलं. त्या मावळातल्या बाईला काढा बंद कर म्हणण्याऐवजी जेवणावर चहा पिऊ नकोस एवढं सांगितलं असतं, तर तिचा खरा फायदा झाला असता. काढ्यात चहाची पत्ती नव्हती.

तोवर फूटपट्टी तयार झाली होती. निलगिरीत कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या शेवटी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एका खोलीत काम सुरू केलं आणि त्यातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. त्यांच्यानंतर आलेल्या डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली, हेल्थ बुलेटिन क्रमांक २३. तिच्या पुढच्या आवृत्तीवर एक्रॉइड यांच्याबरोबर व्ही. एन. पटवर्धन आणि एस. रंगनाथन यांची नावं आहेत. प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली, आणि १९७१ साली सी. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमण्यन यांचं पुस्तक आलं. माझ्या टेबलावर होतं ते हेच. त्याचा पुठ्ठा मी तीनदा बदलून घेतला. या पुस्तकानं देशातल्या कुपोषणाशी लढायला हत्यार दिलं, आणि त्याच्याविषयी मी कृतज्ञच आहे.

त्यात मसाल्याच्या पदार्थांचा वेगळा विभाग आहे, आणि तो पहिल्यांदा वाचला की डोळे दिपतात. १०० ग्रॅम जिऱ्यात कॅल्शियम १०८० मिलिग्रॅम. धन्यांत ६३०. मिऱ्यांत ४६०, आणि लोह १२.४. दुधात कॅल्शियम १२० आणि नाचणीत ३४४, हे शेजारी ठेवून पाहिलं तर कुणालाही वाटेल, जिरं म्हणजे खजिनाच. पण १०० ग्रॅम जिरं कोण खातं? आजीच्या तपेलीत पडायचे धने साधारण दोन ग्रॅम, जिरं एक ग्रॅम, मिरी पाव ग्रॅम. धन्यांचं कॅल्शियम १२ ते १३ मिलिग्रॅम, जिऱ्याचं ११, मिऱ्यांचं एक. सगळं मिळून २५ मिलिग्रॅम, आणि तेही भरडीत. गाळण्यातून खाली उतरतं त्याहून कमी, आणि तेवढं चार पेल्यांत वाटलेलं. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं. नाचणीच्या एका भाकरीत, पन्नास ग्रॅम पीठ धरलं तर, १७२ मिलिग्रॅम मिळतं.

लोहाचा हिशेब आणखी उदास. धने, जिरं, मिरी मिळून अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली. गुळाबद्दल आपल्याला फार अभिमान असतो, पण त्या तक्त्याच्या सुधारित आवृत्तीत १०० ग्रॅम गुळात लोह २.६४ मिलिग्रॅम आहे. काढ्यातल्या दहा ग्रॅमच्या खड्यात पाव मिलिग्रॅम. बाईला रोज लागतं २९. आल्यात क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ६ मिलिग्रॅम, आणि ते उकळीत टिकत नाही, आवळ्यात ६००. लिंबू पिळायचंच असेल तर खाली उतरवून, निवल्यावर, हे मी आजही सांगते. खरा अन्नांश काय तो गुळाचा: दहा ग्रॅमला ३८ कॅलरी. तापानं दोन दिवस न जेवलेल्या माणसाला तेवढ्या साखरेचाही आधार वाटतो, आणि पेला चाटूनपुसून संपतो तो त्या खड्यामुळे.

असाच हिशेब मी त्या मावळातल्या बाईला सांगितला होता, आणि त्यात आकड्यांची चूक नव्हती. चूक ही की तक्त्याला जे रकाने आहेत तेवढेच मी वाचले. प्रथिनं, स्निग्ध, कर्बोदकं, खनिजं, जीवनसत्त्वं. सुंठीतल्या तिखटपणाला तिथे रकाना नाही. ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं, वाळताना त्याचं शोगॉल होतं आणि ते जास्त तिखट. म्हणून पडशाला सुंठ, आणि भाजीला आलं. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो याच्या नीट चाचण्या पुढे झाल्या. मिऱ्यातल्या पायपेरीनवर जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. काही औषधं पायपेरीनबरोबर दिली तर शरीरात जास्त प्रमाणात पोचतात, असं त्यांना दिसलं. सुंठ-मिरी-पिंपळीचं त्रिकटु वैद्य इतक्या योगांत का घालतात, हा प्रश्न त्यांनी धरला होता. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध निघालं, जे आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत आहे. आमच्या कुंपणाला अडुळसाच होता. तो खोकल्याच्या काढ्यात पडायचा, पान पिवळं पडलं की, वाफवून, रस काढून. यातलं काहीही पोषण नव्हे. पण ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याला आधी हेच हवं असतं.

आता गवती चहा. याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल.

गवती चहाच्या पातीत अन्न म्हणून काहीच नाही. आपण ती खात नाही, गाठ मारून टाकतो आणि काढून फेकतो. तिच्यात आहे तो वास, आणि त्या वासाचा बहुतेक भाग म्हणजे सिट्रल. तेलातला साधारण तीन चतुर्थांश. सिट्रल वाफेबरोबर उडून जातं. आजीचा झाकणावरचा हात त्याच्यासाठी होता. सुंठ कठीण, तिला उकळी हवी, म्हणून काढा. पात नाजूक, तिला नुसतं गरम पाणी आणि झाकण हवं, म्हणून फांट. शार्ङ्गधरातले दोन विधी एकाच तपेलीत, एकामागून एक. आजीला अक्षर येत नव्हतं.

आणि ही गोष्ट ऐका. १८९३ साली जर्मनीत टीमान आणि क्र्यूगर यांनी सिट्रलपासून आयोनोन तयार केलं. त्यांना व्हायोलेट फुलांचा वास हवा होता, अत्तरासाठी. पुढे लक्षात आलं की अ जीवनसत्त्वाच्या रेणूचा अर्धा सांगाडा आयोनोनसारखाच आहे. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलला, रोश कंपनीत, ओटो इस्लर यांनी बीटा-आयोनोनपासून अ जीवनसत्त्व कारखान्यात करता येईल असं संश्लेषण केलं. त्यासाठी सिट्रल हवं, आणि सिट्रल कुठे? गवती चहाच्या तेलात. आपल्या गवती चहाची सख्खी बहीण केरळच्या डोंगरउतारांवर वाढते. तिचं तेल भट्टीवर काढून कोचीच्या बंदरातून जगभर जायचं, ‘कोचीन तेल’ या नावानंच ते ओळखलं जायचं. पुढे आपल्या ठाण्यातही औषध कारखान्यांत याच तेलापासून अ जीवनसत्त्व बनलं. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व मिसळणं सरकारनं सक्तीचं केलं होतं. मी लहानपणी ज्या पिवळ्या डब्यातल्या तुपात तळलेल्या पुऱ्या खाल्ल्या, त्यातलं जीवनसत्त्व कदाचित एखाद्या डोंगरावरच्या गवताच्या वासातून आलेलं असेल.

पेल्यातल्या गवती चहात अ जीवनसत्त्व नाही. शरीर सिट्रलपासून ते बनवू शकत नाही, त्याला कारखाना लागतो. पण रातांधळेपणाशी झगडणाऱ्या देशात ते जीवनसत्त्व ज्यातून निघालं, तो वास आमच्या न्हाणीमागे उभा होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वाचनालयातच थोडा वेळ गप्प बसून राहिले. पुढे बीटा-आयोनोन ॲसिटोन आणि ॲसिटिलीनपासून स्वस्तात करण्याची वाट सापडली, तेलाला ती मागणी उरली नाही, आणि भट्ट्या विझत गेल्या. आता ते तेल साबणात आणि फरशी पुसायच्या पाण्यात भेटतं.

२०२० साली काढा पुन्हा घराघरांत आला. आयुष मंत्रालयानं त्या एप्रिलमध्ये आयुष क्वाथाची कृती दिली: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. तीन ग्रॅम पूड, १५० मिलिलिटर पाणी. म्हणजे एकास पन्नास. मी तेव्हाच भागाकार केला आणि मला बरं वाटलं. हे माप काढ्याचं नव्हे, पानीयाच्या जवळचं होतं. पण आमच्या सोसायटीत लोक मूठ मूठ मसाला टाकून अर्धा तास उकळत होते आणि दिवसातून चारदा पीत होते. कुणाचं तोंड आलं, कुणाची छाती जळजळली. मला फोन यायचे. मी प्रत्येकाला एवढंच विचारायची, की तपेलीत भरड किती आणि पाणी किती.

त्याच सुमाराला माझ्या हातात काढ्याचं एक पाकीट आलं. कुणाचं ते सांगण्यात अर्थ नाही, तशी पुष्कळ होती. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कॅल्शियम आणि लोहानं समृद्ध असं छापलेलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पोषणमूल्यं, १०० ग्रॅम पुडीची. आणि पेल्यात घालायची पूड दोन ग्रॅम. आकडे खोटे नव्हते. मी १९८० साली त्या बाईसमोर जी फूटपट्टी धरली होती, तीच इथे उलटी धरली होती. मी म्हटलं होतं, यात पोषण नाही म्हणून हे टाकाऊ. पाकीट म्हणत होतं, हे चांगलं आहे म्हणजे यात पोषण असलंच पाहिजे. रक्त कमी असलेली एखादी मुलगी ते वाचून दोन वेळा काढा घेईल आणि गोळ्या ठेवून देईल, ही माझी खरी भीती आहे. माझं त्या छापणाऱ्यांकडे एकच मागणं आहे: पेल्याचे आकडे छापा, पुडीचे नको.

मावळातल्या त्या बाईचा काढा मी परत सुरू करायला सांगितला होता. जेवणाआधी अर्धा तास, अर्धा पेला, पातळ. गोळ्या वेगळ्या, नाचणी वेगळी. सातव्या महिन्यात ती आली तेव्हा डोळ्यांच्या कडांना लाली होती. त्यात किती वाटा गोळ्यांचा आणि किती काढ्याचा, हे मी मोजलं नाही. घास जात होता, आणि घासाबरोबर गोळीही.

न्हाणीमागचा ठोंब आता नाही, घरच विकलं. त्याचा एक कोंब मी पुण्याला आणून कुंडीत लावला, तो तीन कुंड्या बदलून अजून आहे. परवा भाचीचा अमेरिकेहून फोन आला. घसा बसलेला. म्हणाली, ‘मावशी, इथल्या थाई दुकानात गवती चहाचे नुसते पांढरे दांडे मिळतात, पात कापून टाकलेली असते. ते चालतील?’

‘चालतील. ठेचून घे. सुंठ आहे का?’

‘आहे. आलंही आहे.’

‘सुंठच घाल, आधी. आणि दांडे गॅस बंद केल्यावर.’

‘आणि वर झाकण,’ ती म्हणाली.